वकिलाला मेम मिळाली, खटला गेला

नाटककार महाशयांस,
बेळगावहून एका प्रेक्षकाचा सप्रेम नमस्कार.

साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये इतकी वर्षं राहून नेमकं काय करत होते, हे कोडं आम्हाला फार दिवस सतावत होतं. परवा आपलं ऐतिहासिक नाटक आमच्या गावात लागलं आणि कोडं सुटलं. ते नाचत होते. सोबत मेम होती, थेम्सचा काठ होता, आणि पहिल्या चार रांगांना खोकला लागेल इतकं धुकं होतं.

मेम खरी की खोटी, हा वाद मी घालणार नाही. परमुलखात माणूस कोणाकोणाच्या आधारानं जगतो, ते त्याचं त्याला ठाऊक. तक्रार आहे ती हिशेबाची. 1839 साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संगनमत केल्याचा आळ आला. रेसिडेंट ओव्हान्सनं पुरावे जमवले. 'कबुली लिहून द्या, गादी राखतो' असा गव्हर्नर कार्नॅकनं आग्रह धरला, महाराजांनी नकार दिला आणि त्यांची काशीला रवानगी झाली. हे सगळं आपल्या सूत्रधारानं एका दमात उरकलं. मेमच्या झग्याचं वर्णन मात्र दोन पात्रांनी मिळून केलं. कारकुनी प्रसंगांना टाळ्या पडत नाहीत, हे आपण बरोबर ओळखलंत.

आता वकिलाच्या खासगी आयुष्याबद्दल. महाराजांची गादी परत मिळवायला ते लंडनला होते, 1840 ते 1853. लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांची सभा भरायची. तिथं साताऱ्याचा विषय निघावा म्हणून एकेका गोऱ्याला गाठायचं, कागद छापून वाटायचे, जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्पसन यांच्यासारखे चार लोक बाजूनं बोलायला मिळवायचे, मतदानात हरायचं आणि पुढच्या सभेची तयारी करायची. 1847 साली काशीत महाराज वारले. 1848 साली गादीवरचे त्यांचे बंधू आप्पासाहेब गेले, आणि डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. म्हणजे ज्या दरबाराचे हे वकील, तो दरबार उरला नाही. तरी हा गृहस्थ आणखी पाच वर्षं तिथंच! सकाळी उठून अंगरखा चढवताना त्यांच्या मनात काय येत असेल? आपल्या नाटकात साताऱ्याचं पत्र येतं, ते मटकन खाली बसतात, आणि मेम गाणं म्हणते. तीन कडवी.

आपला नाइलाज मी समजू शकतो. आपण पडलात पुण्या-मुंबईचे. अर्ज करून वाट पाहणं म्हणजे काय, ते आपल्याला कुठून कळावं? आम्हाला विचारायचंत. 1956 साली सीमाप्रश्न सुरू झाल्यापासून आमच्याकडे दिल्लीला निवेदनं घेऊन जाणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या परंपरा आहे. शिष्टमंडळ जातं, हार पडतात, 'सकारात्मक चर्चा' होते. या वादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं बेळगाव कर्नाटकाकडे ठेवलं, निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितली. निपाणी आजही आहे तिथंच. महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तेव्हा जन्मलेली पोरं आता मतदान करतात. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कुठल्याही म्हाताऱ्या कार्यकर्त्याला चहा पाजला असतात, तर दुसरा अंक फुकट मिळाला असता, तोही धुक्याशिवाय.

आणि खासगीच हवं होतं, तर त्यातही काय कमी होतं? रंगो बापूजींच्या आधी, 1781 साली, राघोबादादांनी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील विलायतेला धाडला होता. सोवळं-ओवळं सांभाळून त्याला स्वयंपाक करता यावा म्हणून एडमंड बर्कनं आपल्या बीकन्सफील्डच्या घराचं काचघर मोकळं करून दिलं. इंग्लंडच्या संसदेतला एवढा मोठा वक्ता, त्याची झाडं ठेवायची काचेची खोली, आणि आत आपला माणूस चूल फुंकतोय! या प्रसंगापुढे आपली मेम पाणी भरते. पण तिथं नाचायला जागा नव्हती, हीही अडचणच.

शेवट आपण बोटीवर केलात. रुमाल हलला, पडदा पडला. कर्जात बुडालेल्या या वकिलाला परत धाडायचा खर्च, ज्या कंपनीशी ते भांडत होते, त्याच कंपनीनं केला. एवढा कडू विनोद आयता हातात असताना आपण रुमाल निवडलात. चौदा वर्षं बापाविना राहिलेला मुलगा, सीताराम, आपल्या पात्रयादीतच नाही. 1857 साली उठावाच्या कटाबद्दल इंग्रजांनी साताऱ्याच्या गेंडामाळावर त्याला देहदंड दिला. रंगो बापूजी मात्र हाती लागले नाहीत. कुठं गेले, कुणाला कळलं नाही.

पुढचा प्रयोग निपाणीला असल्याचं ऐकतो. आमच्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठी माणसाला संगीत नाटकाची गोडी लावली, त्यामुळे गाण्यांना कुणी नावं ठेवणार नाही. पण धूर जरा बेतानं सोडा. तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेली माणसं समोर असतील. तेवढ्यानं त्यांचे डोळे पाणावणार नाहीत.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
मागच्या रांगेतला, न खोकलेला एक बेळगावकर