तीन वाव आणि दोन मुठी

एकतीस वर्षे मामलेदार कचेरीत बसून ज्याने इतरांच्या जमिनींच्या मोजण्या, हद्दी आणि फेरफार यांची दप्तरे सांभाळली, आणि बांधावरून उठलेल्या तंट्यांत उभय पक्षांच्या शिव्या निर्विकारपणे ऐकून त्यांतील कायदेशीर मजकूर तेवढा जबानीत उतरवून घेतला, त्या मनुष्यास सेवानिवृत्तीनंतर सातासमुद्रांपलीकडील एका दुकानात उभे करून कोणा सोनेरी केसांच्या तरुणाने भर गिऱ्हाइकांत त्याचे वजन, उंची आणि बैठकीचा घेर विचारावा, हा प्रसंग माझ्यावर मिनियापोलिस शहरानजीक गुदरला. निमित्त एका होडीचे होते.

आमचे चिरंजीव मिनेसोटा राज्यात नोकरीस आहेत. त्या राज्यातील मोटारींच्या पाट्यांवर ‘दहा हजार सरोवरे’ असे छापलेले असते. प्रत्यक्षात दहा एकर व त्यावरील सरोवरांची तेथील गणती ११,८४२ आहे. सरकारी कागदावर वस्तुस्थितीपेक्षा कमी आकडा लिहिलेला मी उभ्या हयातीत प्रथमच पाहिला, आणि त्या सरकारविषयी माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला तो विमानतळावरील अंमलदाराने आम्हां उभयतांस सहा महिन्यांची मुदत देताना केलेल्या उलटतपासणीनेही कमी झाला नाही.

उन्हाळा लागताच त्या शहरातील प्रत्येक तिसरी मोटार डोक्यावर होडी घेऊन हिंडू लागली. आमच्या आठ वर्षांच्या नातीने तगादा लावला, आणि चिरंजीव म्हणाले, “बाबा, यंदा एक कयाक घेऊ या. निवड मात्र तुम्ही करायची.” या विश्वासाचे मूळ माझ्या नौकानयनाच्या व्यासंगात नसून, मेथीच्या एका जुडीसाठी मी तीन मंडया पालथ्या घालतो या कौटुंबिक लौकिकात होते. एरवी माझा आणि जलवाहनांचा संबंध तो किती? कऱ्हाडास कृष्णाकाठी पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलो, आणि एका पावसाळ्यात गुळाच्या काहिलीत बसून पैलतीरावर गेलो. काहिलीस पुढे आणि मागे असा भेद नसतो. ती गरगरत जाते, आणि उतारू जिवंत उतरला म्हणजे प्रवास सुखरूप झाला असे समजतात.

दुकान शहराबाहेर, अर्ध्या तासाच्या हमरस्त्यावर होते. आत शिरताच पिवळ्या, तांबड्या, निळ्या होड्या भिंतीला अशा लटकलेल्या दिसल्या की एखाद्या राक्षसाने मिरच्या वाळत घातल्या असाव्यात. त्या बहुतेक पॉलिएथिलीनच्या, म्हणजे साच्यात प्लास्टिकची भुकटी घालून, तो साचा भट्टीत फिरवत ठेवून घडवलेल्या. दगडावर घासल्या तरी कुरकुर न करणाऱ्या, मात्र वजनाला भारी. फायबरग्लासच्या हलक्या होड्याही होत्या. परंतु त्यांच्या किमतीची चिठ्ठी वाचून सौभाग्यवतींनी ती पुन्हा हळूच पालथी घातली, म्हणून त्यांचे वर्णन येथे करीत नाही.

विक्रेता तरुण विनयशील होता. होडीत बसून जायचे की होडीवर बसून, असे त्याने प्रथम विचारले. मला हा व्याकरणाचा प्रश्न वाटला. तो कोरड्या अंगाचा निघाला. एका जातीत पाय होडीच्या पोटात जातात, अंग कोरडे राहते आणि वारा लागत नाही. पण उलटली तर आत पाणी भरते आणि मग ती रिकामी करणे हे स्वतंत्र खाते होऊन बसते. दुसऱ्या जातीत मनुष्य वरच बसतो, पडला तर पुन्हा चढतो, आणि आलेले पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जाते. मात्र त्याच भोकांतून थोडे पाणी वर येऊन बैठक ओली करते. ज्या प्रांती सरोवरावरील बर्फच चैत्रात वितळते, तेथे सदुसष्टाव्या वर्षी ओल्या बैठकीचा पुरस्कार करणे मला रुचले नाही. मी पोटात बसण्याच्या बाजूने निकाल दिला.

पुढे भाराचा प्रश्न निघाला. एका होडीवर ३०० पौंडांची क्षमता छापलेली होती, आणि मी व नात मिळून त्यात सहज मावत होतो. तरुणाने मान हलवली. छापील आकड्याच्या सुमारे सत्तर टक्केच भार धरावा, एरवी होडी पाण्यात खोल बसते आणि जड चालते, असे तो म्हणाला. मला गहिवरून आले. ही तर आणेवारी! पीक डोळ्यांना सोळा आणे दिसले तरी कागदावर अकरा आणे धरायचे, हे शास्त्र मी अर्धे आयुष्य शिवारांतून आचरले होते, आणि तेच येथे एक अमेरिकन मुलगा मला प्लास्टिकवर बोट ठेवून शिकवीत होता. शिवाय या होडीत बैठक एकच असते, नातीस मांडीवर घेता येणार नाही, असेही त्याने सांगितले; ते नातीने ऐकले नाही.

ग्रीनलंडाकडील इन्यूट लोक या कयाक होडीच्या मूळ जनकांपैकी. लाकडाच्या नाहीतर हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून शिवीत आणि शिकारीस जात. त्यांच्याकडे माप काढण्याची रीत अशी की, लांबी वल्हवणाऱ्याच्या पसरलेल्या दोन हातांच्या तिप्पट, आणि रुंदी त्याच्या कमरेइतकी अधिक दोन मुठी. म्हणजे आपल्या भाषेत तीन वाव आणि दोन मुठी! आमच्या खात्याची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. ती राजाला आणि रंकाला सारखीच लागायची, आणि म्हणूनच दोघेही तिच्यावर रुष्ट असत. येथे मात्र मनुष्य हीच साखळी. एकाची होडी दुसऱ्यास बेताची व्हायची नाही. मी तिथल्या तिथे हात पसरून माझी वाव मोजवून घेतली. ती साडेपाच फूट भरली, तिप्पट साडेसोळा. “एवढी लांब होडी तुमच्या तळ्याला नको,” तरुण घाईने म्हणाला. तळ्यातल्या हौशी माणसास नऊ ते बारा फूट लांब आणि अडीच फुटांच्या आसपास रुंद होडी पुष्कळ होते.

रुंदीवरून तो स्थैर्याच्या मीमांसेत शिरला. सपाट तळाची रुंद होडी प्रथम बसताच पाटासारखी निश्चल वाटते, पण एका मर्यादेपलीकडे कलली की पूर्वसूचना न देता उलटते. गोलसर तळाची प्रथमपासून डुलते, आणि कलल्यावर मात्र धरून राहते. मला जामीन राहण्यास तत्पर असणाऱ्या काही गृहस्थांची आठवण झाली. प्रसंग येईपर्यंत त्यांच्याइतके अढळ कोणी नसते.

याच वेळी मला एक कलम सापडले. मिनेसोटात बिनयंत्राची होडी दहा फूट किंवा त्याहून कमी लांबीची असेल तर तिला सरकारी नोंदणी माफ आहे. त्याहून लांब असेल तर नोंदवावी लागते. इनामदाराला सनद सापडावी तसा आनंद मला झाला. “दहा फुटांची!” मी जाहीर केले. चिरंजीव हसून म्हणाले, “बाबा, तुम्ही जन्मभर सारावसुलीला होता ना?” मी उत्तर दिले नाही. वसूल करणारा आणि भरणारा हे दोन भिन्न प्राणी आहेत.

सौभाग्यवती इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी होडीचे एक टोक उचलून पाहिले, खाली ठेवले, आणि विचारले, “अहो, हे उचलणार कोण?” चिरंजीवांनी भाषांतर करताच तरुणाचा चेहरा उजळला. होडी घेताना हाच प्रश्न पहिला विचारावा, आणि तो कोणीच विचारत नाही, असे तो म्हणाला. चाळीस-पन्नास पौंडांचे हे धूड तळघरातून काढून मोटारीच्या टपावर चढवायचे, पट्ट्यांनी आवळायचे, आणि परतताना हेच सर्व भिजलेल्या अंगाने उलट्या क्रमाने करायचे. भाराची आणेवारी मी केली होती. भारवाहकाची केली नव्हती.

दहा फुटांची आणि बारा फुटांची अशा दोन होड्या अजमावण्यासाठी आम्ही रविवारी नोकोमिस सरोवरावर गेलो. त्या शहरात सरोवरांच्या नावांचेही फेरफार होतात. या सरोवराचे नाव पूर्वी अमेलिया होते; १९१० साली ते बदलून लाँगफेलोच्या ‘हायावाथा’ काव्यातील आजीचे नाव दिले गेले. पश्चिमेकडच्या कॅल्हून सरोवरास २०१८ साली ‘बडे माका स्का’ हे मूळचे डकोटा नाव परत मिळाले, आणि त्या नोंदीचा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२० साली नोंद कायम झाली. हे ऐकून मला घरच्यासारखे वाटले. नोकोमिसची कमाल खोली ३३ फूट आहे, म्हणजे बरोबर एक साखळी. आणि नोकोमिस म्हणजे आजी, हे कळताच सौभाग्यवतींनी सरोवराचा मनोमन ताबा घेतला.

कायद्याने माणशी एक जीवरक्षक जाकीट होडीत असावे लागते. मी ते अंगावर चढवून गळ्यापर्यंत बंद केले आणि दहाफुटीत पाऊल टाकले. पाऊल मधोमध टाकायचे असते. मी ते वहाण काढून ओट्यावर चढावे तसे काठावर टाकले. पुढील क्षणी मी गुडघाभर पाण्यात, आजीच्या सरोवरात, आकाशाकडे पाय करून होतो आणि नात टाळ्या वाजवीत होती. दुसऱ्या खेपेस बसलो. परंतु प्रत्येक वल्ह्यागणिक होडी डावी-उजवीकडे मान हलवू लागली, नकार देणाऱ्या साक्षीदारासारखी. आखूड होडी चटकन वळते, आणि त्याच गुणामुळे सरळ जात नाही. मग बाराफुटी. ती काठापासून निघाली ती रेघ ओढल्यासारखी. वल्ही थांबवली तरी चार हात पुढे जात राहिली. माघारी येताना मी तीन बदकांस वाट दिली.

बाराफुटी घेतली. परवाना काढायला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मी स्वतः गेलो. रांग होती, खिडकी होती, अर्ज होता. अर्जातील लांबीच्या रकान्यात मी फूट आणि इंच सुवाच्य अक्षरांत भरले, आणि खिडकीतील बाईंनी काहीही खोडले नाही. नोंदणीची मुदत तीन वर्षांची आहे. आमची सहा महिन्यांची होती, तीपैकी चार महिने संपले आहेत.