नववी खिडकी

संध्याकाळचे साडेसात झाले की माझ्या भिंतीपलीकडून पहिली आरोळी येते. "अबे, इचारलं काय अन् तू सांगून काय राह्यला!" नांदगाव खंडेश्वरात नव्यानं राहायला आलेला माणूस दचकतो. त्याला वाटतं, शेजारी बापलेकाचं जुंपलं. तसं काही नसतं. बापू टीव्हीवरची चर्चा पाहत असतात.

बापूंचं आडनाव सांगण्याची गरज नाही. असे बापू लोणीला आहेत, चांदूर रेल्वेला आहेत, कारंज्याला तर गल्लीगणिक आहेत. वय साठीच्या पुढं, सहा एकर कोरडवाहू, अंगात बंडी, बसायला बाज. खर्रा आवडीचा, पण चर्चा संपेपर्यंत पुडीतच राहतो, कारण त्या वेळात तोंड मोकळं लागतं. रिमोटला सायकलच्या ट्यूबचा रबर आवळलेला, नाहीतर सेल खाली पडतात. आवाज वाढवायचं बटन घासून गुळगुळीत झालंय. कमी करायचं मात्र दुकानातून आणलं तसं कोरं.

पडद्यावर आठ खिडक्या असतात, आठ खिडक्यांत आठ तोंडं. नववी खिडकी म्हणजे बापूंची बाज. आपण पाहणारे आहोत ही गोष्ट बापूंच्या डोक्यात कधी शिरलीच नाही. काकू एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अवो, त्याइले तुमचं ऐकू येते का? कायले बोंबलता?" बापूंनी पडद्यावरची नजर न हलवता उत्तर दिलं, "त्याइले एकमेकाइचं तरी कुठं ऐकू येते!" काकूंनी भाकर उलटली. मुद्दा बिनतोड होता.

माझ्याकडं टीव्ही आहे, पण लावावा लागत नाही. भिंतीतून अँकरचे प्रश्न येत नाहीत, बापूंची उत्तरं तेवढी येतात. "हाव." "नाई." "साफ खोटं!" "थ्या बाईले बोलू द्या न बे पह्यले." "झालं, पोचला हा १९७५ वर." "सोयाबीनवर ये, सोयाबीनवर!" मग शांतता पसरली की समजायचं, जाहिराती लागल्या. एवढ्यावरून कोण सत्तेतला, कोण विरोधातला आणि कोणाची तयारी नव्हती हे मला आता नेमकं कळतं.

सह्याद्रीवर सात वाजता एक बाई शांतपणे बातम्या वाचायच्या, तेव्हा बापू गप्प असायचे. "वाचणाऱ्याशी काय भांडाचं, थे लिहून आणलेलं वाचते," हा त्यांचा न्याय. २००७ च्या सुमारास चोवीस तासांच्या मराठी वाहिन्या आल्या आणि बापूंना कंठ फुटला. तरी तेव्हा चार पक्ष, चार प्रवक्ते, हिशेब सोपा होता. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. फूट मुंबईत पडली आणि खिडक्या नांदगावात वाढल्या. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, भाजप, काँग्रेस, शिवाय कधी वंचित, कधी मनसे, कधी प्रहार. वर राजकीय विश्लेषक नावाचा एक गृहस्थ, ज्याला शेवटच्या मिनिटात "थोडक्यात सांगा" म्हणतात. सगळ्यांत जास्त दया बापूंना त्याची येते. "लग्नात आहेर घेऊन आलेल्या मामासारखं बसवते त्याले," ते म्हणतात.

एका प्रवक्त्यासाठी बापूंनी पाच वर्षं खपून खास शिव्या तयार केल्या होत्या. तो एका रात्रीत डावीकडच्या खिडकीतून उजवीकडं गेला. मी विचारलं, "आता हो बापू?" बापू म्हणाले, "मास्तर, माणूस थोच हाय. शिव्या कायले बदलू?"

बापू मतं बनवायला चर्चा पाहत नाहीत. त्यांचं मत पेरणीच्या आधीच ठरलेलं असतं. ते पाहतात ते तळेगाव दशासरचा शंकरपट पाहावा तसं. बैलांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मे २०२३ मध्ये मान्यता दिली; त्याआधीच्या बंदीच्या वर्षांत बापूंनी आपली हौस या चर्चांवर भागवली असं माझं प्रामाणिक मत आहे. कोणती जोडी सुटतानाच बिचकली, कोणती वाट सोडून प्रेक्षकांत घुसली, कोणाच्या धुरकऱ्यानं नुसतीच शेपटी पिरगाळली, हे सगळं ते बाजेवरून सांगतात. कोण काय बोललं हे दुसऱ्या दिवशी विचाराल तर आठवत नाही. कोण पळालं, ते बरोबर आठवतं.

२०२४ च्या लोकसभेला त्यांची फार कुचंबणा झाली. आमचा जिल्हा अमरावती, विधानसभा धामणगाव रेल्वे आणि लोकसभा वर्धा! टीव्हीवर मात्र रोज अमरावती: नवनीत राणा, बळवंत वानखडे, प्रहारचे दिनेश बूब. बापू अमरावतीसाठी महिनाभर घसा फोडून भांडले. २६ एप्रिलला मतदानाला गेले, तर यंत्रावर यांतलं एकही नाव नाही. अमर काळे, रामदास तडस आणि पुढं लांबलचक यादी. "भांडण एका गावात, सोयरीक दुसऱ्या गावात," असं पुटपुटत ते बोटाची शाई वाळवत घरी आले आणि रात्री पुन्हा अमरावतीवर भांडायला बसले.

त्यांचा पुतण्या अमेरिकेत असतो. त्यानं फोनवर तिथली रीत सांगितली. ऑगस्ट २०१५ मध्ये क्लीव्हलँडला रिपब्लिकन पक्षाची चर्चा झाली. मुख्य मंचावर एकाच पक्षाचे दहा इच्छुक, आणि उरलेल्या सातांची चर्चा त्याच दिवशी आधी उरकलेली. बापूंना पहिल्यांदा दहाचा आकडा खरा वाटेना. "एकाच पक्षाचे? अन् सारे चारचौघात भांडते?" मग सातांचं कोडं त्यांनी स्वतःच सोडवलं. "ज्याइची जोडी हलकी, त्याइले उन्हाच्या आधी पळवून घेते." पुतण्या पुढं म्हणाला, सुरुवातीलाच विचारलं, पक्ष ज्याला उभा करील त्याला पाठिंबा देण्याचं वचन कोण देणार नाही, हात वर करा. एकट्या ट्रम्पनं केला.

यावर बापू जे हसले ते मला भिंतीतून ऐकू आलं. "आपल्या इकडं एकबी हात वर होत नाई रे बावा! सारे हात खाली ठेवते, अन् अर्ज मागं घ्याच्या दिवसापर्यंत नॉट रिचेबल." आणि हे खरंच. २०२४ च्या विधानसभेला ४ नोव्हेंबरच्या दुपारपर्यंत महाराष्ट्रातल्या किती नेत्यांनी आपापल्या बंडखोरांना फोन लावले असतील, ते मोबाईल कंपन्यांनाच ठाऊक.

मी बापूंना आठवण करून दिली की असली पक्षांतर्गत निवड आपल्या वर्धा मतदारसंघातही होऊन गेली आहे. २०१४ ला राहुल गांधींच्या कल्पनेतून काँग्रेसनं मोजक्या ठिकाणी हा प्रयोग केला. वर्ध्यात पक्षातल्या लोकांनी मतं टाकून सागर मेघेंना उमेदवार निवडलं, आणि लोकसभेवर गेले भाजपचे तडस. "आठवते न," बापू म्हणाले. "सराव परीक्षेत पास, बोर्डात नापास. पण मास्तर, थे टीव्हीवर कुठं दाखवलं? दाखवलं असतं तं मी सांगतलं असतं."

गेल्या विधानसभेच्या आधी एका संध्याकाळी मी त्यांच्याकडंच बसलो होतो. त्यांच्या हातात सरकीच्या बियाण्याची रिकामी थैली आणि पेन. थैलीच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर दोन रकाने: एकावर 'गद्दार', दुसऱ्यावर 'सोयाबीन'. शब्द आला की एक रेघ, पाच रेघा झाल्या की आडवी रेघ मारून पेंढी बांधायची. पहिल्या रकान्यात कुटाराचा ढीग लागावा तशा पेंढ्या होत्या. दुसऱ्यात काहीच नव्हतं. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ होता, बाजारात त्याहून कितीतरी कमी मिळत होता, आणि पापळ, म्हणजे देशाचे कृषिमंत्री राहिलेल्या पंजाबराव देशमुखांचं गाव, आमच्याच तालुक्यात आहे. बापूंच्या मते एवढ्या भांडवलावर एक रेघ तरी यायला हवी होती.

ऐन रंगात लाईन गेली. पंखा थांबला, अंधार झाला. बापू थांबले नाहीत. अंधारात आधी सत्ताधारी बोलला, मग विरोधक, मग "माझं ऐकून घ्या, मी तुमच्यामध्ये बोललो नाही," मग विश्लेषकाचं एक अर्धं वाक्य, मग अँकरचं "वेळ कमी आहे." आठही आवाज वेगवेगळे, आणि मधूनमधून नववा, स्वतःचा. काकू दिवा घेऊन दारात उभ्या राहिल्या. टीव्ही बंद पडल्याचं त्यांना, मला वाटतं, तेव्हाच कळलं.

पंधरा मिनिटांनी लाईन आली. पडद्यावर एक गोरी बाई कढईत पुऱ्या सोडत होती आणि मागून कोणीतरी सोयाबीन तेलाचे गुण गात होतं. बापूंनी थैली मांडीवर घेतली, पेन शोधलं आणि दुसऱ्या रकान्यात सावकाश एक रेघ ओढली.

"अवो, जाहिरात हाय थे," काकू म्हणाल्या.

"नाव तं घेतलं न बावा," बापू म्हणाले आणि आवाज दोन घरं वाढवला.