मांजराचं मानधन

श्रोडिंगरने 1935 मध्ये कल्पनेतल्या पेटीत मांजर कोंडलं ते क्वांटम सिद्धान्ताचा कोपनहेगनी अर्थ लावणाऱ्यांची खोड काढायला. तुमचं म्हणणं शेवटपर्यंत ताणलं तर काय विचित्र चित्र उभं राहतं, एवढंच त्याला दाखवायचं होतं. आता तेच मांजर विज्ञान-व्याख्यानाच्या पहिल्या स्लाइडवर बसतं आणि वक्ता ते निसर्गाचं परमगूढ म्हणून खपवतो. पुढे पंथानुसार प्रवचन. एव्हरेटपंथी प्रत्येक मोजणीला जगाला नव्या फांद्या फोडतो (खुद्द ह्यू एव्हरेटने मात्र 1957 चा प्रबंध हातावेगळा होण्याआधीच पेंटागॉनची नोकरी धरली होती). बोमपंथी 1952 पासून कणांना वाट दाखवणारी लाट सोडतोय. प्रयोगात दोघांचंही उत्तर एकच येतं, पण ती स्लाइड नेमकी वेळेअभावी राहते. ‘नेचर’ने 2025 मध्ये हजारावर संशोधकांना विचारलं, तेव्हा कोपनहेगनला 36 टक्के मिळाले, बहुमत कुणालाच नाही. व्यासपीठावर मात्र शंभर टक्के खात्री.

प्रश्नोत्तरांत एक काका उठतात: ‘‘म्हणजे हे आपल्या उपनिषदांत होतंच ना?’’ श्रोडिंगर वेदान्त वाचायचा, हे वक्त्याला ठाऊक असतं. त्यातून समीकरण निघालं नव्हतं, हेही. तो गोड हसतो, मान अर्धवट डोलावतो आणि पुस्तकविक्रीचं टेबल कुठे आहे ते सांगतो.