एका दिवसात अख्खी मुंबई दाखवणाऱ्या महोदयांस

परमपूज्य सहल-संयोजक महोदयांच्या सेवेशी,



आमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलामुलींना आपण ‘मुंबई दर्शन’ घडवलेत. त्याचे आभार खासगीत मानून आपल्या कर्तबगारीवर अन्याय करणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर.

प्रथम आपल्या रंगीत पत्रकाचे कौतुक. एक दिवस आणि बारा स्थळे! पालकांनी स्थळे मोजली, खूश झाले आणि पैसे भरले. दादर-वरळीच्या गर्दीत बस किती वेळ तुंबते, हे पत्रकात छापून आपण त्यांच्या आनंदावर विरजण घातले नाहीत, ही केवढी कृपा.

रात्रीच्या प्रवासाबद्दलही ऋणी आहोत. मुक्कामाचा खर्च वाचावा म्हणून आपण सातारा जिल्ह्यातून रात्री उशिरा बस सोडलीत. निम्मी मुले घाटात ओकली, उरलेली जागी राहिली आणि सगळी उजाडता उजाडता गेटवेसमोर उतरली. रात्रभर न झोपलेली पंधरा वर्षांची मुले प्रश्न विचारत नाहीत. गाइडचे काम किती हलके केलेत!

वार निवडण्यातली आपली नजर तर वाखाणण्यासारखी. आपण बुधवार धरलात. राणीची बाग बुधवारी बंद असते आणि तिच्या शेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले मुंबईतले हे सर्वांत जुने संग्रहालय आमच्या मुलांनी फाटकाबाहेरून पाहिले. पुढच्या खेपेस सोमवार घ्यावा, म्हणजे घारापुरीची लेणी आणि नेहरू तारांगण ही दोन्ही बंद मिळतील. एका फोनवर कळणारी ही माहिती न विचारण्याचा संयम सगळ्यांना जमत नाही.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र उघडे निघाले. त्याला आपण तब्बल पंचवीस मिनिटे दिलीत. सिंधू संस्कृतीच्या वस्तूंपुढे आमचा एक मुलगा खिळून उभा राहिला. वर्गात फारसा न बोलणारा मुलगा. तो काहीतरी विचारायला तोंड उघडणार, इतक्यात आपल्या माणसाने शिट्टी वाजवली. मॉलला उशीर होत होता. मॉलसाठी अडीच तास राखून ठेवले होते, त्यामुळे घाई करणे भागच होते.

हुतात्मा चौक आपण चालत्या बसच्या खिडकीतून दाखवलात. ‘डावीकडे बघा’ एवढे बोलून गाइड नटांच्या बंगल्यांकडे वळला. संयुक्त महाराष्ट्रासाठी १९५५ च्या नोव्हेंबरात याच परिसरात माणसांनी गोळ्या झेलल्या, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला. हे ऐकायला महाराष्ट्राच्या मुलांकडे दोन मिनिटे नव्हती, कारण ती आपल्या पत्रकात नव्हती.

मुलींच्या वतीने आपले विशेष आभार. चालकाच्या चहाचे थांबे आपण चोख ठरवले होते, स्वच्छतागृहाचा मात्र एकही नाही. मुलींनी दुपारपासून पाणी पिणे सोडले. एकीची पाळी आली होती आणि ती संध्याकाळपर्यंत कुणाला काही बोलली नाही. महोदय, या वयातल्या मुलींना घेऊन निघणाऱ्याने खाण्याच्याही आधी हे ठरवायचे असते.

आणि ती समुद्रातली फेरी! लाइफ जॅकेट बोटीच्या छताला नीट बांधून ठेवलेली होती, मळू नयेत म्हणून असेल. मी मागितली, तर ‘अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, मॅडम’ असे आपल्या माणसाने हसून सांगितले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. तीही थोड्या वेळासाठीच बोटीत बसली होती. इथे मला आपले आभार मानता येत नाहीत.

मुले मात्र आपण अचूक मोजलीत. प्रत्येक थांब्यावर, पोती मोजावीत तशी. आकडा जुळला की आपली जबाबदारी संपत होती.

आता हात जोडून एक विनंती. बारा स्थळे नकोत, दिवसभरात सहा-सातच दाखवा, पण पायी. आदल्या रात्री मुलांना झोपू द्या. सकाळी गेटवेपासून सुरुवात करा. १९२४ साली खुल्या झालेल्या या कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण निघून गेली, हे तिथेच उभे राहून सांगा. मग वस्तुसंग्रहालय, पोटभर. पुढे काळा घोडा आणि ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला राजाबाई टॉवर आणि गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको. दोन काळ समोरासमोर उभे आहेत. २०१८ साली जागतिक वारसा ठरलेला हा देखावा बघायला तिकीट लागत नाही. तिथून हुतात्मा चौक आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. सगळे मिळून अडीच-तीन किलोमीटर. आमची मुले शाळेला याहून जास्त चालत येतात.

टर्मिनसवरून दुपारी, गर्दी ओसरल्यावर, भायखळ्याची धीमी लोकल पकडा. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, ती याच वाटेने. आमच्या मुलांनी निघण्याआधी एकच हट्ट धरला होता, लोकलमध्ये बसायचा, आणि नेमका तोच आपल्या पत्रकात नव्हता. भायखळ्याला उतरून राणीची बाग दाखवा. बुधवार सोडून.

पाच-सहा जणांचे गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस द्या आणि नकाशा मुलांच्या हातात ठेवा. रस्ता चुकतील, विचारतील, सापडेल. अनोळखी शहरात आपण वाट काढू शकतो, हा भरवसा याच वयात यायला हवा. बसच्या काचेआडून तो येत नाही.

पुढच्या वर्षीचे पत्रक छापण्याआधी एकदा शाळेत यावे आणि मुलांसमोर बसावे. काय पाहायचे ते ती सांगतील. थांबे कुठे, स्वच्छतागृहे कुठे, बोटीत जॅकेट मिळणार का, कोणत्या वारी काय बंद, हेही ती विचारतील. उत्तरे लेखी आणावीत. नसतील, तर येण्याचे कष्ट घेऊ नयेत. आम्ही शिक्षक आणि पालक मिळून मुलांना नेऊ, एसटीने आणि लोकलने.

लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपली नम्र,
त्याच बसमधली एक वर्गशिक्षिका