सव्वादोनशे ग्रॅम गॅस आणि चौदा जणांची खिचडी

सह्याद्रीत ट्रेकला नेले जाणारे गॅस स्टोव्ह ढोबळमानाने तीन जातींचे असतात. पहिला पेटीचा. हा ब्रीफकेसच्या आकाराच्या प्लॅस्टिक पेटीतून येतो, चपटा असतो आणि त्याच्या एका कुशीत ब्युटेनचा लांबट कॅन आडवा बसतो. दुसरा डोक्यावरचा, म्हणजे बुटक्या, घुमटाकार कॅनच्या माथ्यावर आट्यांनी बसणारा मूठभर बर्नर. तिसरा बाजारातल्या एखाद्या गल्लीत किलोच्या भावाने गॅस भरून मिळणारा छोटा सिलेंडर आणि त्याच्या टाळूवर बसवलेली शेगडी. हा तिसरा प्रकार घरीच ठेवावा, खरे तर घरीही ठेवू नये. मोठ्या सिलेंडरमधून छोट्यात अंदाजाने गॅस ओतणे बेकायदा आहे, आणि टाकी काठोकाठ भरली गेली की उन्हात द्रवाला फुगायला जागा उरत नाही. कंपनीचा पाच किलोचा सिलेंडर पेट्रोल पंपावर रीतसर मिळतो. मात्र तो पाठीवर घेऊन हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरची तोलारखिंड चढेल असा मित्र प्रत्येक गटाला लाभत नाही.

म्हणून हरिश्चंद्रगडावर बहुधा पेटीचा स्टोव्ह जातो. प्रस्तुत लेखकाकडे अशा मोहिमांत कांदा कापण्याचे खाते असते. त्यामुळे पुढील निरीक्षणे स्टोव्हपासून सुरक्षित अंतरावरून, परंतु डोळ्यांत पाणी असताना केलेली आहेत.

प्रवासाचा पहिला टप्पा कसारा लोकल, आणि तिथेच कॅन गुन्हेगार ठरतो. रेल्वेत ज्वलनशील पदार्थ नेणाऱ्याला रेल्वे कायदा १९८९च्या कलम १६४प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘एवढासा तर डबा आहे’ हा बचाव कायद्यात नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईच्या यार्डात उभ्या असलेल्या एका खासगी आरक्षित डब्याला, चोरून आत नेलेल्या गॅस सिलेंडरमुळे आग लागली. लखनौहून तीर्थयात्रेला निघालेल्यांपैकी नऊ जण त्यात गेले. या परिच्छेदात विनोद नाही. कॅन न्यायचाच असेल तर तो मोटारीतून न्यावा. विमानात तो कोणत्याच सामानात चालत नाही. मोटारीतही उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा काचेखाली त्याला सोडू नये, कारण कॅनवर छापलेली मर्यादा ५० अंश सेल्सिअसची असते. ब्युटेनचा २० अंशांना जेवढा दाब असतो, त्याच्या दुपटीहून अधिक तो ५० अंशांना होतो.

पायथ्याच्या पाचनई गावाहून चढून गडावर आले की हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, पाण्यातल्या शिवलिंगाची केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा पाहायचा असतो. कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला प्रचंड कातळ आहे, तिथून सूर्यास्त फार सुंदर दिसतो म्हणतात. प्रत्यक्षात त्या वेळी अख्खा गट सूर्याकडे पाठ करून ज्योत विझू नये म्हणून आडोसा धरून उभा असतो.

स्टोव्ह लावण्याची कृती सोपी आहे, म्हणूनच ती चुकते. पेटीत मावावी म्हणून वरची भांडे ठेवण्याची जाळी बऱ्याच स्टोव्हमध्ये उलटी ठेवलेली असते. ती आधी सुलटी करायची. कॅनच्या गळ्याशी एक खाच असते. ती स्टोव्हच्या खुंटीसमोर आली की मगच शेजारची दांडी खाली दाबायची. खाच जुळली नाही म्हणून दांडीवर अंगठा टेकून जोर काढणारा एक पुरुष प्रत्येक गटात असतो आणि तो बहुधा इंजिनिअर असतो. कॅन बसल्यावर सांध्याशी साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे. काडी पेटवून गळती तपासायची नाही. हे सांगायची गरज पडते, हेच वाईट आहे.

यानंतर कोकणकड्यावरचा मुख्य कार्यक्रम सुरू होतो.

संध्याकाळी कड्याच्या पोटातून वारा वर चढतो. ज्योत आडवी होते आणि विझते. मग पहिली कॅरीमॅट उभी राहते, दुसरी येते, दगड रचले जातात, त्यावर रेनकोट पसरतो, आणि दहा मिनिटांत स्टोव्हभोवती चारी बाजूंनी बंद अशी खोली तयार होते. वारा थांबतो, पण आतली उष्णताही बाहेर पडायची थांबते. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूने, स्टोव्हपासून हातभर दूर आणि न जळणाऱ्या वस्तूचा असावा. कॅरीमॅट फोमची असते, रेनकोट नायलॉनचा.

दरम्यान ‘चौदा जणांना एकाच वेळी वाढू’ असा ठराव झालेला असतो, आणि त्या ठरावातून एक पातेले निघते. पेटीच्या स्टोव्हवर भांडे किती रुंद असावे याचा नियम साधा आहे. भांड्याचा तळ कॅनच्या कप्प्यावर जाता कामा नये. हे पातेले कप्प्यावरच काय, स्टोव्हच्याही बाहेर चार बोटे जाते. तळाखालून परतणारी आच थेट कॅनच्या झाकणावर पडत राहते. त्यात गडाची उंची सुमारे १,४०० मीटर, म्हणजे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते आणि तूरडाळ शिजायला घरच्यापेक्षा बराच जास्त वेळ घेते. घाई झाली की कोणीतरी दुसरा स्टोव्ह शेजारी लावून दोन्हींवर तेच पातेले बसवण्याची कल्पना काढतो. तसे केले तर दोन्ही कॅन एकमेकांच्या आचेत येतात. अशा कल्पनेला टाळ्या पडतात तेव्हा कांदा कापणाऱ्यांनी आणखी दोन पावले मागे सरकावे.

“आच मोठी कर.”

“मोठीच आहे.”

“झाकण ठेव मग.”

“अरे, झाकणाला हात लागत नाहीये.”

हे कोणते झाकण, याचा खुलासा व्हायला अर्धा मिनिट जातो. पातेल्याचे नव्हे, कॅनच्या कप्प्याचे. चांगल्या स्टोव्हमध्ये दाब वाढला की कॅन आपोआप सुटून बाजूला होण्याची सोय असते, पण सगळेच स्टोव्ह चांगले नसतात आणि सगळ्या सोयी वेळेवर उठत नाहीत. कप्पा हाताला चटका देऊ लागला की स्वयंपाक संपला असे समजावे. आधी खटका फिरवून ज्योत बंद करायची. मग पातेले उचलायचे, आडोसा पाडायचा, सगळ्यांनी दूर व्हायचे आणि स्टोव्ह आपोआप निवू द्यायचा. कॅन काढायला हात घालायचा नाही आणि वर पाणी ओतायचे नाही. गळतीचा वास आला, पण ज्योत नसली, तर खटका बंद करून वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, जायचे. ब्युटेन हवेच्या जवळजवळ दुप्पट जड असल्याने तो उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो. उघड्या कड्यावर वारा त्याला हाकलतो. गडावरच्या लेण्यांत मात्र तो खाली साचतो, म्हणजे जिथे लोक अंथरूण टाकून झोपलेले असतात त्याच पातळीवर.

या सगळ्यानंतर पातेल्यात जे उरते ते खाली करपलेले, मध्ये कच्चे आणि वर कांद्याने सजवलेले असते. कांदा उत्तम कापलेला असतो, ही बाब नोंदवायला हवी. गटात मौन पसरते. अशा वेळी गडावर झोपडी टाकून पिठलं-भाकरी विकणाऱ्या पाचनईच्या एखाद्या मावशी न बोलावता येतात. त्या पातेल्यात डोकावतात, हसत नाहीत, करपलेला थर न हलवता वरचे सगळे स्वतःच्या टोपात काढून घेतात आणि चुलीवर ठेवतात. अर्ध्या तासाने गरम खिचडी येते. पैसे पुढे केले की त्या म्हणतात, “डाळ तुमची, तांदूळ तुमचं. जाळ काय इकत आणलाय व्हय मी?” इंजिनिअरसुद्धा मान खाली घालून जेवतो. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. डिसेंबरनंतर वाळलेले गवत ठिणगीची वाटच पाहत असते. म्हणून विस्तवाचे काम ज्यांना रोज जमते त्यांच्याकडेच सोपवलेले बरे.

रात्री थंडी वाढते आणि स्टोव्ह तंबूत न्यायचा प्रस्ताव येतो, चहासाठी आणि ‘जरा ऊब’ म्हणून. हा प्रस्ताव विनोदाच्या कक्षेबाहेरचा आहे. तंबूचे नायलॉन क्षणात वितळते. ते वाचले तरी बंद जागेत ऑक्सिजन कमी पडून ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास इथे उपयोगी पडत नाही, कारण तो वास न जळलेल्या गॅसचा असतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते, आणि माणूस समजतो की दिवसभराच्या चढणीचा शीण आहे. तो झोपतो. तंबूत कोणाला अशी लक्षणे दिसली तर सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि त्या माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात पोहोचवावे. ऊब हवी असेल तर दुसरी बंडी घालावी.

पहाटे स्टोव्ह नीट पेटत नाही. गॅस संपलेला नसतो, तो गारठलेला असतो. साधा ब्युटेन शून्याच्या जरा खाली, उणे ०.५ अंशाला उकळतो. गडावर सात-आठ अंश असले तरी दाब मंदावतो, शिवाय वापरात बाष्पीभवनाने कॅन स्वतःच आणखी थंड होतो. रात्री कॅन स्लीपिंग बॅगच्या पायाशी ठेवणे किंवा सकाळी कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवणे एवढा उपाय पुरतो. लायटरची ज्योत कॅनखाली धरणाऱ्याला गटातून वेगळे काढावे. हिमालयात जाणाऱ्यांनी आयसोब्युटेन-प्रोपेनचे मिश्रण घ्यावे. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून बर्फातही चालतो.

सव्वादोनशे ग्रॅमचा कॅन मोठ्या आचेवर साधारण दीड तास चालतो. बदलायचा तर उघड्यावर, जवळपास विडी, चूल, कंदील काहीही पेटते नसताना. हलवून आवाज येत नाही म्हणजे कॅन रिकामा झाला असे नसते, आत थोडा गॅस उरतोच. तो शेकोटीत टाकला तर फुटतो, गवतात टाकला तर उन्हात तापत पडतो. कोकणकड्याच्या आसपास असे गंजलेले कॅन आजही दिसतात. रिकाम्या कॅनचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. कांद्याच्या रिकाम्या पिशवीत तो सहज मावतो. पाचनईपर्यंत उतरून यायचेच आहे, तर तोही खाली आणावा.