उच्चारांची धुलाई
भाषावैज्ञानिक ब्रज काचरू यांनी १९८५ साली इंग्रजीची तीन वर्तुळं आखली: आतल्यात ब्रिटन-अमेरिका, बाहेरच्यात आपण, त्यापलीकडे चीन-जपान. तिन्हींतली कुठलीच बोली अशुद्ध नसते, हा भाषाविज्ञानाचा पहिलाच धडा. बंगळुरूच्या कॉल सेंटरांनी नेमका तोच तास बुडवला असावा. सांगलीचा एखादा संतोष तिथे ‘सॅम’ होतो. एका ‘व’चे ‘v’ आणि ‘w’ असे दोन ‘व’ करायचे, ‘प’ म्हणताना हवा सोडायची. शिकवायला पगारी माणूस. उच्चार ‘न्यूट्रल’ हवा म्हणे, म्हणजे टेक्सासच्या आजीबाईंना पटेल असा! आता बोलता बोलता उच्चार पालटणारं सॉफ्टवेअर आलंय. संतोषने पुन्हा सांगलीचं इंग्रजी बोलावं; धुलाई यंत्र करेल. रिक्षावाल्याशी कन्नडात घासाघीस करताना मात्र संतोषचे उच्चार सुधारायला कुणीही दमडी मोजत नाही.