स्वमत

जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात छत्री उघडायला जागा नसते. पाऊस पडला तरी तो पालकांवरच पडतो, रस्त्यापर्यंत पोचत नाही. यंदा त्या पालकांत मीही भिजत होतो, कारण कन्या दहावीत गेली होती.

"मिडियम?" दुकानदारानं मान वर न करता विचारलं.

"सेमी."

गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. म्हणजे बाप दोन्हीकडून अर्धाच उपयोगाचा. हे त्यानं एका शब्दात ओळखलं.

"गाईड, डायजेस्ट की प्रश्नसंच?"

"फरक काय?"

आता मात्र त्यानं मान वर केली. "गाईडमध्ये उत्तरं असतात. डायजेस्टमध्ये तीच असतात, पण जाड."

तेवढ्यात मागून एक काकू म्हणाल्या, "मराठीला निळं घेऊ नका हो, लाल घ्या. आमच्या थोरल्याला लालनंच तारलं."

"काय करतो तो?"

"इंजिनीअर आहे!"

मराठीच्या गाईडनं इंजिनीअर होत असेल तर नाही कशाला म्हणायचं? मी लाल घेतलं. मग भूगोल, इतिहास, विज्ञानाचे दोन भाग, गणिताचे दोन भाग. ढीग माझ्या हनुवटीला टेकला. ज्यांच्यासाठी हा सगळा पसारा, ती बालभारतीची पुस्तकं त्या ढिगात कुठंतरी तळाशी चेपली होती. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं, तेव्हापासून ती बिचारी शिकवतायत आणि आपण त्यांच्यावरची गाईडं वाचतोय.

आमच्या वेळी निवडीचा प्रश्नच नव्हता. वाड्यातल्या वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तकं निम्म्या किमतीत यायची, आणि त्यानं पेन्सिलीनं 'व्हेरी इंपॉर्टंट' म्हणून केलेल्या खुणा फुकट मिळायच्या. माझ्या दहावीची पुस्तकं मी मे महिन्यात अशीच घेतली आणि सुट्टीतच त्या खुणांवर भिस्त ठेवून पाठांतराला लागलो. जूनमध्ये निकाल लागला, आणि तो मुलगा पुस्तकं परत मागायला आला.

घरी आल्यावर कन्येनं लाल गाईड उघडलं. कवितेखाली 'स्वमत' असा प्रश्न होता आणि त्याखाली आठ ओळींचं छापील उत्तर. तिनं ते वहीत उतरवायला घेतलं.

"अगं, स्वमत म्हणजे स्वतःचं मत! ते गाईडातनं कसं उतरवतेस?"

"बाबा, यांचं मत माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"चांगलं असू दे. दुसऱ्याच्या मतानं चालायचं नसतं."

तिनं पेन खाली ठेवलं. "बरं. मग इतक्या गाईडांतून तू हेच का आणलंस?"

मला काकू आठवल्या. मी काही बोललो नाही. उठून खाकी कागद आणला आणि कव्हरं घालायला बसलो. सगळ्यात आधी लाल गाईड झाकलं.